वाचकांचे प्रश्न : ट्रॅपशूटिंगची राज्य संघटना म्हणजे काय भानगड आहे?

मागच्या अंकात स्वप्निल कुसाळेच्या पॅरिसच्या ब्राँझवर चार ओळी काय लिहिल्या, नेमबाजीचे एवढे प्रश्न आले की बाकीचे सगळे पुढच्या अंकावर ढकलावे लागले. रागावू नका. गंमत म्हणजे त्यातले निम्मे प्रश्न रायफलचे नाहीतच, ट्रॅपचे आहेत, म्हणजे हवेत उडणाऱ्या ताटलीला छर्ऱ्याने फोडायचं ते. सुरुवात बाळीवेशीतल्या एका काकांपासून.

प्रश्न : माझा पुतण्या पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. त्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवलाय, मोठं मैदान, ओळीने माणसं बंदुका घेऊन उभी आणि वर केशरी ताटली. म्हणतोय काका ही इथल्या राज्य संघटनेची वार्षिक शूट आहे आणि संघटना शंभर वर्षांच्या वर जुनी आहे. पूर्वी म्हणे ताटलीच्या जागी खरी कबुतरं असायची. हे खरं का थापा मारतोय? (बाळीवेस, सोलापूर)

उत्तर : खरंय काका. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या शेवटीच हा खेळ जोरात होता, १७९३ च्या तिथल्या एका मासिकात त्याचा उल्लेख येतो आणि तोही नवीन काहीतरी निघालंय असा नाही, सगळ्यांना माहितीच आहे असा. पद्धत साधी होती. जमिनीत छोटा खड्डा, त्यात जिवंत कबूतर, वर एक जुनी हॅट पालथी आणि हॅटला दोरी. दोरी ओढली की हॅट बाजूला, कबूतर वर, आणि बंदूकवाल्याने उडवायचं. लंडनजवळ ईलिंगला तर ‘ओल्ड हॅट्स’ नावाचा पबच होता, तिथे हे चालायचं. नंतर हॅट गेली, पाच पेट्या ओळीत आल्या, कुठली उघडणार ते शूटरला कळायचं नाही, आणि पक्षी आखलेल्या हद्दीच्या आत पडला तरच मार्क, जखमी होऊन बाहेर गेला तर शून्य.

अमेरिकेतली पहिली नोंद १८३१ ची, सिनसिनाटीच्या शिकाऱ्यांच्या क्लबातली. तिकडे पॅसेंजर पिजन नावाचं रानकबूतर होतं, अब्जावारी, थवा निघाला की आभाळ काळं व्हायचं म्हणतात. जाळी लावून धरायचे, पिंजऱ्यात भरून रेल्वेने स्पर्धेच्या गावाला पाठवायचे. आणि काका, तुमच्या पुतण्याच्या संघटनेसारख्या संघटनांची मुळं इथेच आहेत. शिकारी लोकांना दिसत होतं की शिकार संपत चाललीय, तर विणीच्या हंगामात बंदी आणा, कायदे करा, यासाठी राज्याराज्यात मंडळं निघाली, कुणी नावात ‘स्पोर्ट्समेन’ लावलं कुणी ‘शिकारी प्राण्यांचं संरक्षण’ लावलं. वर्षातून एकदा मेळावा भरायचा आणि मेळाव्यात ठराव थोडे, शूटिंग जास्त. न्यूयॉर्कच्या राज्य संघटनेचं नाव बघा, ‘मासे आणि शिकारी पशुपक्षी संरक्षण संघटना’, आणि याच संघटनेने १८८१ मध्ये कोनी आयलंडला जो मेळावा भरवला त्यात २०,००० पॅसेंजर पिजन आणले होते, उडवायला. संरक्षण म्हणे! त्यावर प्राणीप्रेमी लोकांनी केवढा गदारोळ केला. पेनसिल्व्हेनियाच्या संघटनेच्या नावात आजही ‘स्पोर्ट्समेन्स’ आहे, ट्रॅप हा शब्द नाही, पुतण्याला विचारा.

पॅसेंजर पिजनचं पुढे काय झालं ते माहितीच असेल. मार्था नावाची शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ ला सिनसिनाटीच्याच प्राणिसंग्रहालयात मेली आणि जात संपली. एकट्या ट्रॅपवाल्यांनी संपवली असं नाही, मांसाचा बाजार आणि जंगलतोड ही मोठी कारणं, पण हातभार यांचाही होताच.

पक्षी मिळेनात आणि लोकांचा विरोध वाढला तशी खटपट सुरू झाली. १८६० च्या दशकात काचेचे पोकळ गोळे आले, आत पिसं भरलेली, म्हणजे फुटल्यावर कबूतर फुटल्यासारखं वाटावं (हौस बघा लोकांची). कॅप्टन बोगार्डस या नामांकित शूटरने १८७७ मध्ये गोळे फेकायच्या सुधारलेल्या यंत्राचं पेटंट घेतलं, गोळ्यावर रेघा पाडल्या, कारण गुळगुळीत काचेवरून छर्रा घसरायचा. पण मैदानभर काचा, त्या शेतात कोण पाय ठेवणार. शेवटी १८८० मध्ये सिनसिनाटीच्याच जॉर्ज लिगोव्स्कीने मातीची चपटी ताटली काढली. पोरं तळ्याच्या पाण्यावर चपटे शिंपले टप्पे घेत फेकतात ते बघून त्याला सुचलं असं सांगतात. ती भाजलेली माती इतकी टणक झाली की छर्रा लागून टणत्कार यायचा पण ताटली फुटायची नाही, मग चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखी राळ यांचं मिश्रण आलं. पुतण्याच्या फोटोतली केशरी ताटली त्याचीच.

बाकी खरी कबुतरं लगेच बंद झाली असं समजू नका. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळीसुद्धा जिवंत कबुतरांची स्पर्धा झाली, बेल्जियमचा लिओन द लुंडेन २१ पक्षी मारून जिंकला. ब्रिटनने १९२१ मध्ये कायद्याने बंद केलं. आणि पुतण्याच्या पेनसिल्व्हेनियातच हेगिन्स नावाच्या गावात दरवर्षी कबुतरं उडवायची जत्रा १९९८ पर्यंत चालू होती, हेही त्याला सांगा.

प्रश्न : आमचं नवी पेठेत मंडळ आहे, वर्गणी, पावती पुस्तक, हिशेब यातच वर्ष जातंय. ही ट्रॅपवाली राज्य संघटना नेमकं करते तरी काय, का तिथंपण वर्गणीच? (नवी पेठ)

उत्तर : अध्यक्षसाहेब, वर्गणी सगळीकडे आहे. पण काम तुमच्यापेक्षा जरा किचकट आहे.

मुख्य काम म्हणजे मार्कांची वही. अमेरिकन ट्रॅपमध्ये तुम्ही अधिकृत स्पर्धेत जेवढ्या ताटल्यांवर गोळी झाडली त्याची नोंद होते, त्यावरून तुमचा वर्ग ठरतो, डबल ए पासून डी पर्यंत, म्हणजे नवखा नवख्यांशी आणि मुरलेला मुरलेल्यांशी खेळतो. शिवाय हँडिकॅप. साध्या प्रकारात सगळे यंत्रापासून १६ यार्डांवर उभे राहतात, हँडिकॅपमध्ये तुमच्या कर्तबगारीप्रमाणे तुम्हाला मागे सरकवतात, १९ यार्डांपासून २७ यार्डांपर्यंत. आज जिंकलात की पुढच्या वेळी मागे जा. म्हणून सत्तरीचा शेतकरी आणि पंचविशीचा चॅम्पियन एकाच ओळीत उभं राहून खेळू शकतात आणि शेतकरी जिंकूही शकतो. आता हे मागेपुढे कुणी सरकवायचं, खोटे मार्क कोण पकडणार, यंत्र बरोबर कोनात फेकतंय का कोण बघणार? त्यासाठी संघटना लागते, ढाल वाटायला नाही लागत.

देशपातळीवरची संघटना पण आधी खेळाडूंची नव्हतीच हे लक्षात घ्या. १८९० च्या दशकात बंदुका, बंदुकीची दारू आणि काडतुसं बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘इंटरस्टेट असोसिएशन’ काढली, कारण जितकी जास्त शूटिंग तितका जास्त माल खपणार. कंपन्यांचे पगारी शूटर गावोगाव फिरायचे, खेळायचे आणि ऑर्डरी घ्यायचे. ग्रँड अमेरिकन ही त्यांची मोठी स्पर्धा, पहिल्यांदा १८९३ मध्ये जिवंत पक्ष्यांवर झाली आणि १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मातीच्या ताटल्यांवर. ती रोला हाइक्सने २२ यार्डांवरून शंभरात ९१ फोडून जिंकली. हळूहळू हौशी लोकांना वाटायला लागलं की पैसा आमचा, खेळ आमचा आणि कारभार मात्र कारखानदारांचा. सूझा नावाचा अमेरिकेतला फार मोठा बँडमास्टर, तोपण ट्रॅपचा वेडा, हौशी ट्रॅपवाल्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला होता. शेवटी १९२३ मध्ये ‘ॲमॅच्युअर ट्रॅपशूटिंग असोसिएशन’ उभी राहिली आणि तिची रचना अशी की राज्य संघटनांनी पाठवलेले प्रतिनिधी कारभार बघणार. म्हणजे मालक राज्यं झाली. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच.

मग जागा. १९२४ पासून ओहायोतल्या व्हँडेलियाला कायमचं मैदान झालं, ऐंशी वर्षं ग्रँड तिथे भरली, शेजारी डेटनचा विमानतळ. विमानतळाला जागा हवी झाली आणि २००५ नंतर व्हँडेलियाचं मैदान सुटलं, २००६ पासून स्पर्धा इलिनॉयमधल्या स्पार्टाला. होटगी रोडच्या विमानतळाच्या आसपास राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न : मी अक्कलकोटची, कॉलेजला आहे. आमच्या राजवाड्यातल्या शस्त्रसंग्रहालयात इतक्या बंदुका आहेत, संस्थानिकांना शिकारीचा नाद होताच, मग पंजाब-राजस्थानसारखा ट्रॅप आपल्याकडे का नाही रुजला? पेपरात नेमबाजीत कोल्हापूर दिसतं पण ते रायफल-पिस्तूल. (अक्कलकोट)

उत्तर : ताई, प्रश्न फार छान आहे आणि उत्तर थोडं खर्चाचं, थोडं जागेचं, थोडं माणसांचं आहे.

आपल्याकडे ट्रॅप राजवाड्यातूनच आला. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग, पाच ऑलिंपिक खेळले, १९६० ते १९८०, आणि १९६२ च्या कैरोच्या जागतिक स्पर्धेत बरोबरी होऊन शूट-ऑफमध्ये सुवर्ण हुकलं, रौप्य मिळालं. दिल्लीची तुघलकाबादची रेंज त्यांच्याच नावाची. पतियाळाच्या घराण्यातले रणधीरसिंग, १९७८ च्या बँकॉक एशियाडमध्ये ट्रॅपचं सुवर्ण, एशियाडमधलं भारतीय नेमबाजाचं पहिलं. त्यांची मुलगी राजेश्वरी कुमारी २०२४ ला पॅरिसला ट्रॅपच खेळली. मानवजितसिंग संधू २००६ मध्ये जगज्जेता झाला, त्याचे वडीलही ऑलिंपिकचे शूटर. बघताय ना, घरात बंदूक, घराबाहेर जमीन आणि बाप शिकवायला. राजवर्धनसिंग राठोड, अथेन्स २००४ चं डबल ट्रॅपचं (म्हणजे एकदम दोन ताटल्या सुटतात ते) रौप्य, हे लष्करातले, म्हणजे दुसरी वाट फौजेची.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाल्यावर जी संस्थानी घराणी रेंजवर आली ती आली, बाकीच्यांच्या बंदुका भिंतीवर गेल्या. तुमच्या अक्कलकोटच्या कपाटात गेल्या.

आता संघटनेचं. अमेरिकेत ट्रॅपची राज्यापुरती वेगळी संघटना असते, आपल्याकडे तसं नाही. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया झाली, पहिले अध्यक्ष कोण, तर लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळणकर, मूळ रत्नागिरीकडचं घराणं. आजही नॅशनलला जायच्या आधीच्या स्पर्धेला मावळणकरांचं नाव आहे. त्या संघटनेखाली प्रत्येक राज्याची एकच रायफल असोसिएशन, आपली वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, आणि रायफल, पिस्तूल, शॉटगन सगळं त्या एकाच छत्राखाली. एका छत्राखाली आलं की जे स्वस्त आणि कमी जागेत बसतं ते वाढणार हे उघड आहे. १० मीटरची एअर रायफल शाळेच्या हॉलात बसते, तिथून अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत अशी रांग लागली, नंतर बालेवाडीने अजून जोर दिला. ट्रॅपला तेवढ्या जागेत काही होत नाही. छर्रा दोनशे मीटरच्या पुढे जातो, म्हणजे समोर अडीचशे मीटरपर्यंत माणूस, गुरं, रस्ता काही नको, आणि रेंजचं तोंड उत्तरेला लागतं नाहीतर सोलापूरच्या उन्हात शूटरला ताटलीऐवजी सूर्यच दिसेल.

खर्च सांगू? ऑलिंपिक ट्रॅपची पात्रता फेरी १२५ ताटल्यांची, प्रत्येकीवर दोन गोळ्या मारायची मुभा, म्हणजे एका मॅचला काडतुसं अडीचशेपर्यंत. सराव वेगळा. वर इटालियन बंदूक, पेराझी किंवा बेरेटा, नळीवर नळीवाली. हे पगारदाराच्या घरात बसत नाही, म्हणून मध्य प्रदेश सरकारने भोपाळला अकादमी काढून बंदूक-काडतुसं-कोच सगळं दिलं तेव्हा राजघराण्याबाहेरच्या मुली आल्या, भोपाळच्या तलावावर मासेमारी करणाऱ्या घरातली मनीषा कीर, आणि प्रीती राजक. या दोघी आणि राजेश्वरी कुमारी अशा तिघींनी हांगझोउच्या एशियाडमध्ये सांघिक रौप्य आणलं, पुरुषांच्या ट्रॅप टीमने सुवर्ण. माझं मत विचाराल तर राजवाड्याची वाट पाहण्यात अर्थ नाही, भोपाळची पद्धत उचलायला पाहिजे.

प्रश्न : ताटलीला नुसता ओरखडा आला किंवा धूळ उडाली तर मार्क देतात का? भांडणं होत असतील. (विजापूर रोड)

उत्तर : होतात की. नियम असा की पंचाला निदान एक तुकडा सुटलेला दिसला पाहिजे, नुसती धूळ उडाली आणि ताटली अख्खी गेली तर गेली. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये जमिनीखालच्या खंदकात १५ यंत्रं, प्रत्येक जागेसमोर तीन, शूटर १५ मीटर मागे. त्याने आवाज दिला की माइकवरूनच यंत्र सुटतं, डावीकडे उजवीकडे ४५ अंशांपर्यंत कुठेही. ताटली ११० मिलिमीटरची, वजन १०५ ग्रॅम, म्हणजे तळहाताएवढी वस्तू, आणि काडतुसात छर्रा फक्त २४ ग्रॅम. अमेरिकन ट्रॅपमध्ये एकच यंत्र असतं, ताटली सावकाश जाते आणि गोळीपण एकच. फायनलला ताटलीत रंगीत पावडर भरतात, टीव्हीवर बरं दिसतं म्हणून.

प्रश्न : नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडे आम्ही पक्षी बघायला जातो. उद्या कुणी सोलापुरात ट्रॅपची रेंज काढली तर शिशाचे छर्रे आणि आवाज, याचं काय? (जुळे सोलापूर)

उत्तर : शंका अगदी बरोबर. छर्रा शिशाचा असतो, मैदानात वर्षानुवर्षं साठतो, दाणे समजून पक्षी गिळतात आणि मरतात. युरोपियन युनियनने २०२३ पासून पाणथळ जागांवर शिशाच्या छर्ऱ्यावर बंदीच घातलीय. ताटलीतली राळपण मातीला चांगली नाही, आता लवकर कुजणाऱ्या ताटल्या निघाल्यात. चांगल्या रेंजवर ठराविक वर्षांनी वरची माती चाळून शिसं काढतात, विकतातही.

म्हणून नान्नजच्या माळावर नको, हिप्परग्याच्या तलावाकाठी तर अजिबात नको, एवढं मी बिनदिक्कत लिहितो. माळढोक आपल्याकडे आधी शिकारीनेच आणि मग माळ नांगरल्याने गेला, त्याच्या दारात पुन्हा बारा बोअरचा आवाज कशाला. जुनी बंद पडलेली दगडखाण बघा, समोर उंच कडा असला तर छर्रा तिथेच अडतो.

प्रश्न : बायकांना यात बरोबरीने खेळू देतात का? (अशोक चौक)

उत्तर : ॲनी ओकलीने १८८४ मध्येच १,००० काचेच्या गोळ्यांपैकी ९४३ फोडून पुरुषांची बोलती बंद केली होती. पण खरी गोष्ट बार्सिलोनाची. १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट हा ट्रॅपचा भाऊबंद प्रकार बायका-पुरुषांना एकत्र होता, चीनची झांग शान पात्रतेत २०० पैकी २०० फोडून पुढे गेली आणि सगळ्या पुरुषांना मागे टाकून सुवर्ण घेऊन गेली. आणि पुढच्या १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट फक्त पुरुषांसाठी! बायकांसाठी स्कीटच नाही, म्हणजे चॅम्पियनला तिचं सुवर्ण राखायला मैदानच नाही. २००० च्या सिडनीत बायकांचं वेगळं स्कीट आणि ट्रॅप आलं. आता मिक्स्ड टीम पण असते, पॅरिसला आपली महेश्वरी चौहान आणि अनंतजीतसिंग नरुका यांचं स्कीटचं ब्राँझ थोडक्यात हुकलं, चौथे आले.

प्रश्न : पोरगं तेरा वर्षांचं आहे, गड्ड्याच्या जत्रेत फुग्याच्या स्टॉलवर एकपण फुगा सोडत नाही, स्टॉलवाला ओळखून आता नको म्हणतोय. ह्याला ट्रॅपला घालावं म्हणतोय, लायसन्स कुठं मिळतंय? (होटगी रोड)

उत्तर : आधी स्टॉलवाल्याचं बरोबर आहे, त्याचा धंदा आहे तो.

लायसन्सची घाई नको, बंदुकीच्या लायसन्सला वय २१ लागतं. पण २०१६ च्या शस्त्र नियमांत १२ ते २१ वयाच्या ज्युनियर नेमबाजाची सोय आहे, रेंजवर कोचच्या देखरेखीखाली क्लबच्या बंदुकीने खेळता येतं. तेरा वर्षांच्या खांद्याला बारा बोअरचा दणका मात्र झेपेलच असं नाही, त्यामुळे मी म्हणेन दोन-तीन वर्षं १० मीटर एअर रायफल करू द्या, तिथे लायसन्सची कटकट नाही, जिल्ह्याच्या स्पर्धेतून राज्याला जाता येतं, श्वास धरणं, उभं राहणं, बंदूक कधीच कुणाकडे न रोखणं हे अंगात मुरतं. एक सांगून ठेवतो, रायफलवाला थांबून नेम धरतो आणि ट्रॅपवाला बंदूक फिरवत असतानाच चाप ओढतो, थांबला की ताटली गेली. फुगा जागेवर असतो, त्यामुळे गड्ड्यातलं यश बघून ट्रॅप जमेलच असं समजू नका. क्रिकेटमध्ये उंच कॅच नीट घेतो का बघा, त्यावरून जास्त कळेल.

आणि पुढे एकवीसचा झाला की शहरात राहत असाल तर अर्ज पोलीस आयुक्तालयात, ग्रामीणला असाल तर जिल्हाधिकारी कार्यालयात. क्लबचं मेंबरशिप कार्ड आणि स्पर्धांची सर्टिफिकेटं आत्तापासून एका फाइलला लावून ठेवा, तेव्हा शोधाशोध होते.